हिवाळ्याची तपकिरी शीट

लहान मुलांच्या चित्रपुस्तकांतलं वर्ष फार सोयीचं असतं. पहिल्या पानावर कळ्या, दुसऱ्यावर ऊन, तिसऱ्यावर गळणारी पानं, चौथ्यावर बर्फ. कुणाला ताटकळावं लागत नाही की घामाघूम व्हावं लागत नाही. बर्फ तर पडतोच पडतो. ज्या गावात लोकांनी बर्फ फक्त सरबताच्या पेल्यात पाहिला आहे, तिथल्या पुस्तकातही हिवाळा म्हटला की गाजराच्या नाकाचा पांढरा माणूस हात पसरून उभा. आणि कुणाला उगाच हुरहूर लागू नये म्हणून शेवटी पाचवं पान असतंच: पुन्हा कळ्या. म्हणजे बाळांनो, घाबरू नका, गेलेलं सगळं परत येतं. पान उलटायचा अवकाश.

वाचनालयाच्या बालविभागात अशी एक्केचाळीस पुस्तकं होती आणि ती सगळी तो विभाग सांभाळणाऱ्या बाईला तोंडपाठ होती. एकोणीस वर्षं दर बुधवारी सकाळी दहा वाजता ती बुटक्या प्लास्टिकच्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून बसे आणि तीन ते सहा वर्षांच्या श्रोत्यांना त्यातलं एखादं वाचून दाखवी. निम्मे श्रोते ऐकत, निम्मे दुसऱ्याच एखाद्या पुस्तकाचा कोपरा चघळत. एवढ्या अनुभवावरून तिचं मत झालं होतं की ऋतू हा विषय प्रकाशकांना आवडतो, कारण त्यात गोष्ट लिहावी लागत नाही. ती निसर्गानं आधीच लिहून ठेवलेली असते, आणि निसर्ग हस्तलिखित वेळेवर देतो.

बेचाळिसावं पुस्तक तिच्या बाबांचं होतं.

बाबा चित्रकार होते. प्रकाशनसंस्थेत त्यांना ‘चित्रकाका’ म्हणत. घरी आत्या, म्हणजे त्यांची धाकटी बहीण, ‘आमचा रेघोट्या ओढणारा’ म्हणे. ‘कोपऱ्यावरचं झाड’ हे पुस्तक त्यांनी एकोणचाळीस वर्षांपूर्वी केलं तेव्हा छपाईची रीत वेगळी होती. चित्र रंगवून दिलं की सुटलो, असं नव्हतं. काळ्या रेषांची एक पारदर्शक शीट, आणि तिच्यावर बरोबर बसेल अशी प्रत्येक रंगाची एकेक वेगळी शीट, हे सगळं चित्रकारालाच करून द्यावं लागे. शीटवर काढायचं सगळं काळ्याच शाईनं. हिरव्या शीटवरचं काळं छपाईत हिरवं होई, तपकिरी शीटवरचं तपकिरी. आपण नेमकं काय काढलंय ते चित्रकाराला छापून आल्यावरच दिसे.

बाबांनी त्यात एक युक्ती केली. काळ्या रेषांची शीट त्यांनी चारही ऋतूंना एकच ठेवली: रस्त्याचा कोपरा, एक उघडंबोडकं झाड, झाडाखाली बाक, मागच्या घराच्या खिडकीत एक मुलगी. बदलायचं ते फक्त रंगांच्या शीटवर. त्याच फांद्यांवर वसंतात पोपटी ठिपके बसत, उन्हाळ्यात गर्द हिरवे, पानगळीत तपकिरी.

खिडकीतली मुलगी म्हणजे ती, वय वर्षं पाच. काळी शीट एकच असल्यामुळे बिचारी बारा महिने बिनबाह्यांच्या फ्रॉकमध्ये उभी होती. हिवाळ्यात तिला थंडी वाजू नये म्हणून बाबांनी निळ्या शीटवर तिला बाह्या काढून दिल्या, त्याही रेषेवाचून, नुसत्या निळ्या. वर्गातल्या एका मुलीनं तिला विचारलं होतं, तुझ्या हातांवर शाई सांडली होती का म्हणून.

बाकावर एक म्हातारा असे. त्यालाही रेषा नव्हती. तो नुसताच एक तपकिरी कोट, वर तपकिरी टोपी. वसंतात वर्तमानपत्र वाचणारा, उन्हाळ्यात त्यानंच वारा घेणारा, पानगळीत तेच तोंडावर पसरून झोपलेला. आणि हिवाळ्याच्या पानावर बाक रिकामा. पुस्तक तिथंच संपे. पाचवं पान नव्हतं.

त्या रिकाम्या बाकानं बाबांचं नाव केलं. पुस्तकाला मोठा पुरस्कार मिळाला. मानपत्रात ‘रिकाम्या बाकाचं मौन’ असे शब्द होते, आणि बालवाङ्मयात मृत्यूला इतक्या संयमानं कुणी जागा दिली नव्हती असंही होतं. एका प्राध्यापकांनी त्या मौनाचे सात प्रकार शोधून काढले. मुलांच्या एका समुपदेशकानं ते पुस्तक आपल्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत ठेवलं. आणि ती स्वतः, दर वर्षी थंडी पडली की, बुधवारी तेच वाचायला घेई. चौथ्या पानाशी थांबे, मनात पाच आकडे मोजी, मग हलकेच पुस्तक मिटे. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या आयांचे डोळे भरून येत. मुलांचे येत नसत, पण मुलांना काय कळतं.

बाबा जाऊन चार महिने झाले होते. आई तिच्या कॉलेजच्या दिवसांतच गेली होती, त्यामुळे भेटायला येणाऱ्यांना जे काही बोलायचं होतं ते सगळं तिच्याच वाट्याला आलं. सोनं झालं, सुटले बिचारे, काळ हेच औषध. एका बाईंनी तर तिचा हात हातात घेऊन सांगितलं की ऋतू बदलतात तसं दुःखही बदलतं. त्यांनी बहुधा एक्केचाळिसांपैकीच एखादं वाचलं असावं. चार महिन्यांत तिच्याशी वावगं न बोललेली गोष्ट जगात एकच होती: ते चौथं पान.

अशात प्रकाशनसंस्थेतून फोन आला. ‘कोपऱ्यावरचं झाड’ची नवी आवृत्ती काढायची आहे, वारस म्हणून तुमची सही लागेल, आणि दोनचार किरकोळ बदल सुचवायचे आहेत, तेवढे बघून जा.

किरकोळ बदल बघायला ती गेली. बैठकीच्या खोलीत पानांच्या आकाराच्या उशा होत्या. एका बाजूला संपादिका बसली होती, तिशीतली, चटपटीत, वहीवर वही ठेवून. समोर विक्रीप्रमुख. त्यानं पालकांची पाहणी केली होती, आणि शंभरातल्या एकाहत्तर पालकांना चौथं पान ‘जड’ वाटलं होतं. म्हणून मग हिवाळ्यात थोडा बर्फ. पानगळीतल्या पानांना थोडं हसू, म्हणजे ती पडताहेत असं न वाटता खेळताहेत असं वाटेल. आणि शेवटच्या पानावर आजोबांना परत बाकावर बसवायचं. नमुना तयारच होता. संगणकावर काढलेला एक गुबगुबीत म्हातारा, गालांवर दोन गुलाबी गोळे, वाचकांकडे बघून हात हलवत होता. शंभर वर्षं तरी त्याला काही होणार नव्हतं.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग ती बोलायला लागली, आणि एरवी मितभाषी म्हणून ओळखली जाणारी ती बाई पाऊण तास बोलली. बेचाळीस पुस्तकांत खोटं न बोलणारं पान हे एकच आहे, ती म्हणाली. बाकी सगळी पुस्तकं मुलांना थापा मारतात, की जे जातं ते येतं. माझ्या वडिलांना वयाच्या तेहतिसाव्या वर्षी कळलं होतं की झाडाला पानं परत येतात, माणसं येत नाहीत, आणि ते त्यांनी एक शब्द न लिहिता मुलांना सांगितलं. तो बाक त्यांनी जाणूनबुजून रिकामा ठेवलाय. तिथं तुमचा हा हात हलवणारा गोळा बसवायचा असेल तर माझी सही मिळणार नाही.

संपादिकेनं पेन खाली ठेवलं नाही, सगळं लिहून घेतलं. विक्रीप्रमुख खिशात रुमाल शोधत होता. त्याचेही वडील गेल्याच वर्षी गेले होते, असं त्यानं चाचरत सांगितलं. बर्फ गेला, पानांचं हसू गेलं, गुबगुबीत म्हातारा गेला. ठरलं की पुस्तक जसंच्या तसं छापायचं. संस्थेकडचं जुनं सामान दमट कपाटात बुरसून गेलं होतं, तेव्हा बाबांच्या मूळ शीट तेवढ्या तिनं घरून शोधून आणून द्यायच्या.

लढाई जिंकून यावं तशी ती घरी आली.

घरी आत्या होती. आत्या चार दिवसांसाठी आली होती, त्याला आता चार महिने झाले होते. बाबांची खोली आवरून देते आणि जाते, असं ती रोज सकाळी जाहीर करी आणि दुपारपर्यंत एक ड्रॉवर उपसून त्यातलं सगळं पुन्हा त्याच ड्रॉवरमध्ये भरी. पसारा करायला अक्कल लागत नाही पण ठेवायला लागते, हे भावाला उद्देशून. भाऊ उत्तर द्यायला नव्हता, तरी तिचा भांडण्यातला उत्साह कमी झाला नव्हता.

शीट सापडल्या सर्वांत खालच्या रुंद ड्रॉवरमध्ये, पातळ कागदात गुंडाळून, ऋतूवार. बाबांच्या पसाऱ्यात तेवढी एकच गोष्ट नीट लावलेली होती. काळी एकटी. वसंताच्या तीन, उन्हाळ्याच्या तीन, पानगळीच्या दोन. हिवाळ्याचं पुडकं तिनं सर्वांत शेवटी सोडलं. त्यात निळी असायला हवी होती, आकाश आणि बाह्यांची. ती होती. तिच्याखाली आणखी एक होती.

ती जवळजवळ कोरीच होती. एवढ्या मोठ्या शीटवर मधोमध, जरा खाली, काळा डाग असावा तसं काहीतरी होतं. कोपऱ्यात बाबांचं बारीक अक्षर: ‘हिवाळा, तपकिरी. हे लावणे.’ आणि खाली एकाखाली एक सहा तारखा. सहाही खोडलेल्या.

तिनं काळी शीट खिडकीच्या काचेवर धरली आणि तिच्यावर ही ठेवली. दुपारचं ऊन मागून आलं. आत्या चष्मा कपाळावरून खाली ओढत पुढे झाली.

“अगं,” आत्या म्हणाली, “हा बसलाय की.”

बसला होता. कोटाची कॉलर वर केलेली, टोपीवरून गुंडाळलेला मफलर, दोन्ही हात मांड्यांमध्ये दाबलेले, शेजारी बाकावर चहाचा थर्मास. वर्तमानपत्राची घडी करून ती त्यानं बुडाखाली घेतली होती, कारण थंडीत बाक गार लागतो. मरणाचा विचार त्याच्या गावीही दिसत नव्हता.

तिनं वाचनालयातली प्रत काढून तिच्यातलं छपाईचं पान, आवृत्त्यांच्या तारखा असतात ते, बघितलं. पहिल्या आवृत्तीनंतर पुस्तक सहा वेळा पुन्हा छापलं गेलं होतं. सहा तारखा, त्या प्रत्येक छपाईच्या थोड्या आधीच्या.

आत्याचं म्हणणं सरळ होतं. ती म्हणाली, त्यात काय, आता लावा. भाचीचा चेहरा का उतरलाय हे तिला कळेना. माणूस सापडला की लोक आनंदतात, असा तिचा अनुभव होता.

दुसऱ्या दिवशी ती प्लेटवाल्या काकांकडे गेली. चित्रकारांच्या शीटवरून छपाईच्या प्लेट बनवायचं काम त्यांनी त्या संस्थेसाठी पस्तीस वर्षं केलं होतं. आता ते मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या दुकानाच्या वरच्या खोलीत राहत, आणि बातम्या मोठ्या आवाजात लावून त्यांच्यावर रागावत बसत. हात कापत होते. तिनं शीट पुढे ठेवली तेव्हा त्यांनी आधी टीव्ही बंद केला.

“मिळाली होय तुला,” ते म्हणाले. “मला वाटलं होतं फाडून टाकली असेल त्यानं.”

मग त्यांनी सांगितलं. बाकीच्या ऋतूंच्या तपकिरी शीटवर पानं होती, चिमण्या होत्या, काय काय होतं. हिवाळ्यात झाडावर पान नाही, चिमणी नाही, म्हणजे तपकिरी शीटवर तो म्हातारा सोडून काहीच उरलं नाही. आणि काचेच्या टेबलावर खालून दिवा लावून काम करायचं, समोर चाळीस शीटचा ढीग. “एवढ्या मोठ्या शीटवर एवढासा डाग. मला वाटलं, ब्रश पुसलाय. चित्रकार पुसतात असं. बाजूला टाकली.” कोपऱ्यावर तेव्हा काही लिहिलेलं नव्हतं. ते लिहिणं नंतरचं. पुस्तकं छापून, बांधून बाहेर पडली आणि आठ दिवसांनी बाबा दारात येऊन उभे. माझा माणूस कुठाय, म्हणाले.

संस्थेच्या मोठ्या साहेबांकडे दोघंही गेले. साहेबांनी कबूल केलं, पुढच्या छपाईत दुरुस्त करू. मग पुढच्या छपाईच्या आधी पुरस्काराचं पत्र आलं, आणि पत्रात ते मौन आलं. आता त्या मौनावर मफलर गुंडाळलेला म्हातारा कसा बसवणार? साहेबांनी बाबांना पाठीवर थाप मारून सांगितलं, अहो, देव देतोय तर घ्या की, कशाला तोंड उघडताय. बाबांनी मूग गिळले. त्यांना मानपत्र दिलं त्या समारंभात ते दोनच वाक्यं बोलले होते, आणि तेही लोकांनी त्यांच्या विनयाच्या खात्यात जमा केलं.

“पण दर छपाईला येऊन विचारायचा,” काका म्हणाले. “पहिल्या एकदोनदा चिडला. मग नुसता विचारायचा आणि हसायचा. शेवटचं आला, नऊ वर्षं झाली, तेव्हा मला म्हणाला, ‘तीस वर्षं झाली हो, तो माणूस बाहेर थंडीत कुठंतरी ताटकळतोय. बसू द्या की त्याला.’”

बाबांनी तिला हे कधीच का सांगितलं नाही, असं तिनं विचारलं. काकांनी शीट तिच्याकडे सरकवली. मग म्हणाले, “तू वाचून दाखवायचीस ना मुलांना. एकदा येऊन मागं उभा राहिला होता तो. मला सांगत होता, पोरगी त्या पानाशी अशी काही थांबते की बाया रडतात. मग कसा सांगेल?”

जिना उतरताना तिला आठवलं की पाच वर्षांची असताना तिनं बाबांना विचारलं होतं, हे आजोबा कुठे गेले? आणि बाबा म्हणाले होते, घरी गेले, थंडी आहे ना. पुढे बरंच वाचन झाल्यावर तिनं त्या वाक्याचे नाना अर्थ लावले होते. ‘घर’ या प्रतिमेवर तर ती एकदा एका चर्चासत्रात वीस मिनिटं बोललीही होती.

आता हे सगळं कुणाला माहीत होतं? कापऱ्या हातांचा एक म्हातारा, जो टीव्हीशिवाय कुणाशी बोलत नव्हता, आणि आत्या, जिचं कुणी ऐकत नव्हतं. शीट पुन्हा पातळ कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवली की संपलं. बाकीच्या शीट नेऊन द्यायच्या. पुस्तक जसंच्या तसं. बाबांचं नाव शाबूत, मौनाचे सातही प्रकार शाबूत. आणि तिचं पान तिच्यापाशी. तेच तर खरं होतं. बाक रिकामा आहे, आणि कुणी त्याबद्दल काही शहाणपणाचं बोलत नाही, असं दुसरं पान तिला कुठं मिळणार होतं? त्या एका पानानं चार महिने तिला धरून ठेवलं होतं, आणि ते पान म्हणजे ब्रश पुसलाय म्हणून बाजूला टाकलेली एक शीट होती.

पुढच्या बैठकीपर्यंत तिनं शीट कुणालाच दाखवली नाही. मध्ये एक बुधवार आला. थंडी पडायला सुरुवात झाली होती; आयांनी मुद्दाम तेच पुस्तक मागितलं. तिनं वाचलं. चौथ्या पानाशी थांबली. पाच आकडे मोजले, आणि सवयीनं विचारलं, आजोबा कुठे असतील बरं?

एक मुलगा म्हणाला, सू करायला गेलेत. दुसरा म्हणाला, दुकानात. आणि पुढ्यातच बसलेली दोन पोनीवाली मुलगी, खडूनं स्वतःच्या गुडघ्यावर काहीतरी काढता काढता, मान वर न करता म्हणाली, “काढायचे विसरले.”

“छान. आणखी कुणी?” ती म्हणाली. आणि मग तिच्या ध्यानात आलं की हे उत्तर तिनं एकोणीस वर्षांत निदान शंभरदा ऐकलं असेल, आणि शंभरदा ‘छान, आणखी कुणी’ म्हणून ती पुढे गेली असेल, अधिक खोल उत्तराच्या शोधात.

दुसऱ्या बैठकीला ती सगळ्या शीट घेऊन गेली. संपादिकेनं आणि विक्रीप्रमुखानं या पंधरा दिवसांत जे काम केलं होतं ते टेबलावर मांडून ठेवलं होतं. नवं मुखपृष्ठ तयार होतं, त्यावर झाड नव्हतं, नुसता रिकामा बाक. मागच्या बाजूला ठळक अक्षरात तिचंच वाक्य: ‘बेचाळीस पुस्तकांत खोटं न बोलणारं एकमेव पान.’ रिकाम्या बाकाची कापडी पिशवी होती, पुस्तकात ठेवायची खूण होती. पाहणी पुन्हा केली होती. आता शंभरातल्या त्र्याऐंशी पालकांना तेच पान ‘गरजेचं’ वाटत होतं. विक्रीप्रमुख धर्मांतर केलेल्या माणसासारखा बोलत होता. चौथ्या पानाला वेगळा, जाड कागद घ्यायचा त्याचा विचार होता, म्हणजे मौन हाताला लागेल.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं तिच्या मनात आलं. तिनं काळी शीट टेबलावर ठेवली, तिच्यावर निळी, तिच्यावर तपकिरी. मग काय झालं होतं ते सांगितलं. या वेळी पाऊण तास लागला नाही, चार वाक्यांत झालं.

दोघंही वाकून त्या म्हाताऱ्याकडे बघायला लागले. तो मांड्यांत हात घालून बसला होता.

विक्रीप्रमुखानं आधी तोडगा काढून पाहिला. दोन आवृत्त्या काढू, एक रिकामी, एक भरलेली. किंवा हे चित्र पुस्तकाच्या शेवटी, ‘चित्रकाराच्या संग्रहातून’ असं देऊ. मग तो हळूच म्हणाला की मॅडम, कुणाला कळलंही नसतं. ते तिला माहीत होतं.

संपादिकेचा प्रश्न मात्र खरा होता. तिचा चेहरा पडला होता. लहानपणी तिच्याही घरी हे पुस्तक होतं.

“पण मॅडम, तुम्हीच म्हणालात की ते पान मृत्यूबद्दल आहे. हा इथं बसला तर मग ते पान काय म्हणतं?”

“थंडी आहे, असं म्हणतं.”

“एवढंच?”

“हिवाळ्याच्या पानानं आणखी काय म्हणायचं असतं?” ती म्हणाली. आणि पुढे, “मी चुकले. मला तो बाक रिकामा हवा होता. माझ्या वडिलांना नको होता. पुस्तक त्यांचं आहे.”

सही कोणत्या अटीवर मिळेल हे पुन्हा सांगायची गरज पडली नाही. मुखपृष्ठावर झाड परत आलं. पिशव्या संस्थेच्या कपाटात गेल्या. छपाईच्या पानावर तिनं खुलाशाचा मजकूर लिहून द्यावा असं ठरलं. पहिला खर्डा चार पानं झाला, त्यात दोन अवतरणं होती. शेवटी राहिली ती एक ओळ: ‘हिवाळ्याच्या पानावरची तपकिरी शीट आधीच्या सात छपायांत लावायची राहून गेली होती.’ कुणाच्या हातून राहिली ते तिनं लिहिलं नाही.

छपाईच्या दिवशी तिनं प्लेटवाल्या काकांना बरोबर नेलं. यंत्राच्या घरघरीत त्यांना तिचं बोलणं ऐकू येत नव्हतं आणि त्यांचं तिला. यंत्रावरच्या माणसानं पहिला ओला तक्ता काढून तिरप्या टेबलावर पसरला. चारही ऋतू एकाच कागदावर, शेजारी शेजारी, कापायचे बाकी असलेले. काकांनी खिशातून भिंग काढलं, हात कापतो म्हणून दुसऱ्या हातानं मनगट धरलं, आणि हिवाळ्यावर वाकले.

तपकिरी फार लाल आलाय, ते ओरडले. हा आजारी दिसतोय. यंत्रावरचा माणूस म्हणाला, नमुन्याप्रमाणेच आहे. काका म्हणाले, नमुना गेला खड्ड्यात, मी त्याला ओळखतो, थोडा काळा घाल. थोडा काळा घातला. मग म्हणाले, आता मेल्यासारखा दिसतोय, अर्धा कमी कर. असे पाच तक्ते वाया गेले. यंत्रावरचा माणूस तिच्याकडे ‘हे कोण आहेत’ अशा नजरेनं बघायला लागला, आणि तिनं त्याच्याकडे बघायचं टाळलं.

सहावा तक्ता काकांनी बराच वेळ पाहिला. भिंग खिशात ठेवलं.

“बसला,” ते म्हणाले, आणि वळून, बाहेर कुठं चहा मिळेल का ते बघायला गेले.

छापायला हरकत नाही म्हणून या तक्त्यावर तिनं सही करायची होती. यंत्रावरच्या माणसानं पेन पुढे केलं. शाई अजून ओली होती. कोट चमकत होता. खिडकीतल्या मुलीच्या निळ्या बाह्या पहिल्या आवृत्तीतल्यापेक्षा स्वच्छ आल्या होत्या. पुढच्या बुधवारी ती हे पान वाचेल, मुलं थर्मासकडे बोट दाखवून विचारतील की ह्यात काय आहे, ती सांगेल, आणि थांबण्यासारखं तिथं काही उरणार नाही. बाबांसाठी कुठे थांबायचं, ते आता तिचं तिनं बघायचं होतं.

सही कुठे करू, तिनं विचारलं.

“कुठंही करा, बाई,” यंत्रावरचा माणूस म्हणाला. “फक्त त्या म्हाताऱ्यावर नको. ओला आहे.”

तिनं समासात सही केली.